सहा एकर सोयाबीन आणि सात किलोची लेक

ताई, नमस्कार. मला लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यात दिलेलं आहे. घरचं सहा एकर काळं रान आहे. खरिपात सगळं सोयाबीन, कडेनं तुरीचे चार तास (ओळी), रब्बीला हरभरा. खाऊनपिऊन सुखी घर आहे. पण माझी मुलगी १४ महिन्यांची झाली तरी वजन ७ किलो १०० ग्रॅमच आहे. अंगणवाडीच्या ताईंनी दंडाला पट्टी लावली, ती १२.२ आली, पिवळ्या रंगात. सासूबाई म्हणतात, आपल्या घराण्यात सगळे अंगानं बारीकच. मुलीला सकाळी चहात बुडवून बिस्कीट, दुपारी आणि रात्री वरणाचं पाणी-भात देतो. अंगावर अजून पाजते. मेडिकलमधून पावडरचा डबा आणला, पाचशे रुपये गेले, फरक काही नाही. म्हैस होती, ती मागच्या वर्षी विकली, आता पिशवीचं दूध. सासरे माळकरी, त्यामुळे घरात अंडं चालत नाही. मला दोन गोष्टी विचारायच्यात. घरात सोयाबीनचे कट्टे पडलेत, त्यात खूप प्रोटीन असतं म्हणतात, ते मुलीला द्यावं का? आणि मृगाची पेरणी तोंडावर आली आहे. थोडं रान खायच्या पिकाला ठेवा म्हटलं तर आमचे हे म्हणतात, दुकानात सगळं मिळतं, सोयाबीन सोडून मूग कशाला पेरायचा? माझं चुकतंय का?
— एक आई, तालुका औसा

तुमचं काहीही चुकत नाही. उलट तुमच्या दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे हे तुम्हाला आपसूक कळलेलं आहे, म्हणून तर लेकीचं वजन आणि मृगाची पेरणी तुम्ही एकाच पत्रात लिहिलीत. शेताचं आणि लेकराच्या ताटाचं नातं तुटलं की घरात धान्याचे कट्टे रचलेले असूनही मूल वाळत जातं. मराठवाड्यात आणि विदर्भात हे घरोघरी घडतंय. त्याचा दोष आईच्या माथी मारला जातो, याचं मला फार वाईट वाटतं.

आधी लेकीचं बोलू, कारण पिकाला तीन महिने लागतील आणि तिला आजपासून खायला हवं आहे.

१४ महिन्यांच्या मुलीचं मधलं वजन साधारण ९ किलो ४०० ग्रॅम धरतात. ७ किलो ४०० च्या खाली गेलं की ‘कमी वजन’. दंडाची पट्टी ११.५ ते १२.५ सेंटिमीटरच्या मध्ये असली तर मध्यम कुपोषण, ११.५ च्या खाली गेली तर तीव्र. म्हणजे तुमची लेक तीव्र कुपोषणाच्या अलीकडे आहे, पण सुरक्षित नाही. सासूबाई जे म्हणतात ते पुष्कळ घरांत ऐकू येतं. पण ही मोजमापं ठरवताना जागतिक आरोग्य संघटनेनं सहा देशांतली मुलं मोजली होती आणि त्यात आपल्या दिल्लीचीही मुलं होती. पोटभर आणि नीट खायला मिळालेली, आजारांपासून वाचलेली मुलं पहिल्या पाच वर्षांत सगळीकडे जवळजवळ सारखीच वाढतात, असं त्यातून दिसलं. घराण्याचा बांधा पुढे दिसतो. १४ महिन्यांच्या वयात आधी ताटात काय पडतंय ते बघायचं.

आणि तिच्या ताटात काय पडतंय ते तुम्हीच लिहिलंय. सकाळी चहा-बिस्कीट, दोन वेळा वरणाचं पाणी आणि भात. वरणाचं पाणी म्हणजे डाळ खाली बसल्यावरची निवळ. डाळ मोठ्यांच्या ताटात जाते आणि पाणी लेकराच्या वाटीत. सात किलोच्या मुलीच्या पोटात एका वेळी साधारण २०० मिली मावतं, एक वाटीभर. ती वाटी पाण्यानं भरली की पोट भरल्यासारखं होतं, ती तोंड फिरवते आणि घरचे म्हणतात, ‘हिला भूकच नाही.’ या वयात अंगावरच्या दुधाशिवाय वरच्या अन्नातून तिला दिवसाला साधारण ५५० कॅलरी मिळायला हव्यात. पातळ वरण-भाताच्या दोन वाट्यांत आणि दोन बिस्किटांत त्या बसत नाहीत. चहा तर पूर्ण बंद करा. त्यानं भूक मरते आणि अन्नातलं लोह अंगी लागत नाही.

आता करायचं काय? वाटी तेवढीच ठेवून ती घट्ट करायची. चमचा आडवा धरला तर ओघळणार नाही, इतकं दाट. तुमच्याकडे ज्वारीच्या कण्या करायची रीत आहे, सासूबाईंना नक्की येत असतील. दोन भाग ज्वारीच्या कण्या आणि एक भाग मूगडाळ, दोन्ही भिजवून मऊ शिजवायच्या. शिजत आल्या की त्यात मूठभर बारीक चिरलेली पालेभाजी किंवा शेवग्याचा पाला घालायचा. उतरवल्यावर एक चमचा दाण्याचं बारीक कूट, एक छोटा चमचा तेल किंवा तूप आणि लिंबाचे चार थेंब. एक छोटा चमचा तेलानं त्याच वाटीत ४५ कॅलरी वाढतात आणि पोटात जागा अजिबात जास्त लागत नाही. लिंबामुळे पाल्यातलं आणि डाळीतलं लोह अंगी लागतं. शेंगदाणे अख्खे कधीच देऊ नका, श्वासनलिकेत अडकतात. आणि बुरशी लागलेले, काळपट किंवा कडू दाणे कुटात जाऊ देऊ नका. त्या बुरशीतून विष तयार होतं आणि ते भाजून जात नाही.

असं दाट अन्न दिवसातून तीन-चार वेळा आणि मध्ये एक-दोन वेळा काहीतरी हातात: कुस्करलेलं केळ, दह्यातली मऊ भाकरी, पपईची फोड, गूळ-तूप लावलेल्या पोळीचा तुकडा. अंगावरचं दूध दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही चालू ठेवा, ते तोडू नका. अंड्याबद्दल मी हट्ट धरणार नाही. घरात माळ असेल तर तिचा मान राहू द्या. पण मग डाळ, दही आणि दाणे यांत कसूर चालणार नाही. आणि आशाताईंकडून लोहाचं पातळ औषध नियमित घ्यायचं. या वयात ते १ मिली, आठवड्यातून दोनदा असं देतात. महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षांच्या शंभरातल्या जवळजवळ ६९ मुलांच्या अंगात रक्त कमी आढळलं होतं. त्यामुळे बाटली आणून फळीवर ठेवून देऊ नका. अंगणवाडीतून मिळणारं घरपोच आहाराचं पाकीटही लेकीच्याच वाटीत जाऊ द्या. बऱ्याच घरांत ते सगळ्यांत वाटलं जातं, नाहीतर शेळीपुढे जातं.

पावडरचा डबा विसरा. त्यातली बरीचशी चव साखरेची असते. त्याच पाचशे रुपयांत जवळपास दोन किलो शेंगदाणे आणि दोन किलो मूगडाळ येते, आणि ती तिला महिनाभर पुरून उरते.

आता सोयाबीन. देता येतं, पण फार काळजीपूर्वक, आणि तुमच्याकडे त्याहून सोपी वस्तू आहे. कच्च्या किंवा अर्धवट भाजलेल्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारा घटक असतो. तो चांगल्या उष्णतेनंच जातो. म्हणून सोयाबीन रात्रभर भिजवून, टरफल काढून, नीट उकळून, वाळवून, खरपूस भाजूनच पीठ करायचं. तेही ज्वारी-गव्हाच्या आठ-दहा भागांना एक भाग एवढंच. नुसतं सोयाबीन दळून भाकरीत किंवा दुधात घालायचं नाही.

आणि एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना बजावून सांगा. बियाण्याच्या पिशवीतलं उरलेलं सोयाबीन, ज्याला गुलाबी-लालसर औषध चोळलेलं असतं, ते धुऊन, उकडून, कसंही करून खाण्यात येता कामा नये. पेरणीनंतर अशा अर्ध्या पिशव्या घराघरात कोपऱ्यात उभ्या असतात आणि रांगतं मूल सगळ्यात आधी तिथं जातं. तीच काळजी फवारणीच्या औषधांची. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन किती शेतकरी आणि मजूर गेले ते आपण सगळ्यांनी वाचलंय. रिकामा डबा धुऊन पाण्याला किंवा तेलाला वापरायची पद्धत अजून आहे. ती तुमच्या घरात असेल तर आज बंद करा.

सोपी वस्तू म्हणजे हरभरा. तुमच्याच रानातला. पण मला खात्री आहे की तोही सोयाबीनसारखाच सगळाच्या सगळा मोंढ्यावर, म्हणजे धान्याच्या बाजारात, जातो आणि घरात डाळ दुकानातून येते. भाजक्या हरभऱ्याची डाळ, म्हणजे डाळवं, बारीक दळून ठेवा. ज्वारीचं भाजलेलं पीठ दोन वाट्या, डाळव्याचं एक वाटी, दाण्याचं कूट अर्धी वाटी, असा कोरडा सातू करून डब्यात भरून ठेवायचा. गरम पाण्यात किंवा दुधात कालवला, थोडा गूळ घातला की दोन मिनिटांत लेकीचं खाणं तयार. या डब्याकडे मी पुढे पुन्हा येते.

आता यजमानांचा प्रश्न. ‘दुकानात सगळं मिळतं’ हे त्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही, त्यात अर्धं खरं आहे. पैशानंच दवाखाना होतो, शाळेची फी भरली जाते. पण बाकीचं अर्धं तुमच्या घरातच घडलंय. तुमची म्हैस का विकली गेली ते आठवून बघा.

चाळीस वर्षांपूर्वी तुमच्याच भागात सोयाबीन नावालाच होतं. खरिपात मूग, उडीद, तूर, संकरित ज्वारी. मूग-उडीद निघाले की त्याच रानात रब्बीची शाळू. राज्यात ज्वारीखाली साठ लाख हेक्टरच्या घरात रान होतं, ते आता वीस लाखांच्या आसपास किंवा त्याहूनही खाली आलंय, आणि सोयाबीन चाळीस-पन्नास लाख हेक्टरांवर पसरलंय. शेतकऱ्यांनी हे उगाच केलेलं नाही. ज्वारीवर पाखरं पडतात, रानडुकरं लोळतात, काढणी, मोडणी, मळणी यांना माणसं मिळत नाहीत आणि भावही मिळत नाही. सोयाबीन मशीनमधून काढलं की दसरा-दिवाळीला हातात रोकडा येतो. तुमच्या यजमानांच्या जागी मी असते तरी सोयाबीनच पेरलं असतं.

पण ज्वारी गेली तसा कडबा गेला. सोयाबीनचं भुसकट जनावर आवडीनं खात नाही. कडब्याची पेंडी विकत घेऊन म्हैस परवडत नाही, म्हणून दावणीचं जनावर विकलं गेलं. जनावर गेलं तसं घरचं दूध, ताक, दही, लोणी गेलं. उरली पिशवी, आणि तीही चहापुरती. मूग-उडीद गेले तशी डाळ विकतची झाली आणि विकतची डाळ आपण पातळच करतो. सोयाबीनमध्ये खुरपणीच्या जागी तणनाशक आलं. बाया खुरपायला जायच्या तेव्हा ओट्यात तांदुळजा, घोळ, पाथरी, केना, कुंजीर घेऊन यायच्या, ती फुकटची पालेभाजी तणनाशकाखाली करपली. (आता फवारलेल्या रानातली अशी भाजी खुडूही नका.) बांधावरची अंबाडी, तुरीतली चवळी, कडेचा तीळ-कारळ, करडईचं घरचं तेल, सगळं एकेक करून गेलं. यातला एकेक निर्णय त्या त्या वेळी बरोबरच होता. सगळे मिळून लेकीची वाटी पातळ झाली.

आणि दुकानात खरंच सगळं मिळतं का, हे एकदा त्यांनाच विचारा. गावातल्या दुकानात बिस्किटं, कुरकुरे, चहापत्ती, साखर रोज मिळते. पालेभाजी आठवडी बाजाराला, म्हणजे आठवड्यातून एकदा, आणि ती दोन दिवसांत सुकते. शिवाय सोयाबीनचा पैसा वर्षातून एकदा येतो. त्यातून आधी कृषी सेवा केंद्राची उधारी, मग बँक, मग कुणाचं लग्न, मग पुढची पेरणी. लेकरू मात्र दिवसातून पाच वेळा खातं. डाळ-दाणे-भाजीसाठी रोज पैसे मागणं घरातल्या सुनेला किती अवघड असतं हे तुम्हाला मी सांगायला नको. तेच घरात मुगाचा कट्टा असेल तर हात घालायला कुणाला विचारावं लागत नाही. माझ्या मते खायचं पीक पेरण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

म्हणून यजमानांशी ‘सोयाबीन की मूग’ असा वाद घालू नका. सहा एकरांतले वीस गुंठे मागा. २४० गुंठ्यांतले वीस. खरिपात त्यात मूग, तो साठ-सत्तर दिवसांत निघतो. मग त्याच रानात शाळू. पाऊसपाणी बरं असेल तर एखादा क्विंटल मूग आणि दोन-तीन क्विंटल ज्वारी होईल, वर कडबा. उरलेलं सोयाबीन तसंच राहू द्या. फक्त कडेच्या चार तासांऐवजी सोयाबीनच्या चार ओळींना तुरीच्या दोन ओळी अशी पद्धत धरा. परभणीच्या कृषी विद्यापीठाची शिफारसही तीच आहे. पाऊस ओढला तर सोयाबीन जाईल पण तूर काहीतरी देऊन जाईल. मुगाच्या मधल्या ओळींत दहा-पंधरा पावलांवर चवळी, भेंडी, गवार टोचून द्या, बांधाला अंबाडी. हरभरा निघेल तेव्हा दोन कट्टे मोंढ्यावर जाण्याआधीच बाजूला काढून घ्या.

हिशोब त्यांच्यासमोर खरा मांडा, लपवू नका. वीस गुंठ्यांत तीन-चार क्विंटल सोयाबीन धरलं आणि २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये धरला तर सोळा ते एकवीस हजार होतात, खर्च वजा जाता त्याहून बरेच कमी. बाजारात तर भाव हमीभावाच्याही खाली होता. शिवाय त्या वीस गुंठ्यांतला रब्बीचा हरभराही हातचा जातो. मूग, ज्वारी, कडबा यांची किंमत लावली तरी काही हजार कमी पडतील असं धरून चाला. वर राखण आणि काढणीची मेहनत जास्त. ती मेहनत बहुतेक तुमच्याच वाट्याला येणार, त्याचंही बोलणं आधीच करून घ्या. पण दुसऱ्या बाजूला वर्षभराची मूगडाळ, भाकरीची ज्वारी, पावडरचे डबे आणि दवाखान्याच्या चकरा लिहा. तुमचे यजमान शेतकरी आहेत, आकडे त्यांना कळतात.

हे कुणी करून बघितलंय का, असं ते विचारतील. बघितलंय, आणि तुमच्याच जिल्ह्यात. दुष्काळानंतर लातूर-धाराशिव भागात ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेबरोबर हजारो बायकांनी घरच्यांकडून अर्धा-एक एकर मागून घेतला आणि त्यात धान्य, कडधान्य, भाजीपाला असं घरच्या खाण्याचं मिश्र पीक घेतलं. काय पेरायचं ते त्यांनीच ठरवलं. या कामाला २०१६ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा ‘इक्वेटर’ पुरस्कार मिळाला. तिकडे वर्धा जिल्ह्यात कापूस-सोयाबीनच्याच गावांत एम. एस. स्वामीनाथन संशोधन प्रतिष्ठाननं २०१३ पासून काही वर्षं ज्वारी, कडधान्यं, पोषण परसबाग आणि परसातल्या कोंबड्या यांची सांगड घालून बघितली. तुमच्या गावात एखादी बाई त्या एक एकरच्या कामात असेल तर यजमानांना तिच्या रानात घेऊन जा. माझ्या पत्रापेक्षा ते जास्त पटेल.

परसबागेसाठी तर पावसाचीही वाट बघायला नको. लातूरला २०१६ मध्ये रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, त्यामुळे ‘भाजीपाला लावा’ म्हणणं सोपं आहे हे मला माहीत आहे. पण न्हाणीचं सांडपाणी जिथं जातं तिथं एक शेवगा, दोन पपया आणि एक लिंबू सहज जगतात. शेवगा लावा, खरंच लावा. कोवळा पाला सावलीत वाळवून चुरून ठेवला तर उन्हाळ्यातही चिमूटभर कण्यांत पडतो. पालक-मेथीला मात्र साबणाचं पाणी नको, त्यांना हंडाभर स्वच्छ पाणी द्या. बचतगटात असाल तर गटांचं काम बघणाऱ्या ‘उमेद’ या सरकारी अभियानाच्या ताईंना पोषण परसबागेबद्दल विचारा, मांडणी कशी करायची ते त्या दाखवतात.

म्हशीबद्दल लगेच काही ठरवू नका. कडबा हाती आला की मग बघा. तोवर एक उस्मानाबादी शेळी परवडते. ती तुमच्या भागातलीच आहे, बांधावरच्या पाल्यावर राहते. तिचं दूध उकळून द्यायचं, आणि ते इतर जेवणाबरोबर.

आता तो सातूचा डबा. घरी पिकवलं की लेकराच्या पोटात जातंच असं नाही. मध्ये भरवणारा हात लागतो आणि तो मोकळा लागतो. जूनमध्ये पेरणी, मग खुरपणी, ऑक्टोबरमध्ये काढणी. तुम्ही सकाळी आठला रानात गेलात की सहाला येणार. त्या दहा तासांत लेकीला कोण भरवतं? सासूबाईच ना? त्यांचे डोळे-गुडघे साथ देत नसतील तर बिस्किटाचा पुडा सोपा पडतो, यात त्यांचा दोष नाही. सकाळी शिजवलेल्या कण्या दुपारपर्यंत उन्हाळ्या-पावसाळ्यात आंबतात, त्या ठेवू नका, दोन तासांच्या वर तर नाहीच. कोरडा सातू मात्र टिकतो. सासूबाईंना तो डबा, थर्मासमध्ये गरम पाणी आणि लेकीची वेगळी वाटी-चमचा देऊन जा. दिवसातून दोनदा, वाटी पूर्ण संपेपर्यंत, एवढंच त्यांच्याकडे मागा. वेगळी वाटी यासाठी की मोठ्यांच्या ताटातून भरवलं की तिनं किती खाल्लं ते कुणालाच कळत नाही. आणि हात साबणानं धुऊनच भरवायचं. एक जुलाब झाला की महिनाभराची कमाई आठ दिवसांत जाते.

सुगीच्या पंधरा-वीस दिवसांत तर तुमची हजेरी रानापेक्षा घरी जास्त मोलाची आहे, हे यजमानांना स्पष्ट सांगा. एक मजूर जास्त लावावा लागला तरी लावा. संध्याकाळची एक वाटी त्यांनी भरवायची. बापाच्या मांडीवर मुलं बरी खातात.

तुमच्याही जेवणाचं विचारते. अंगावर पाजता, रानात राबता, आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खाता, बरोबर? अंडं-मांस नसलेल्या घरात आईच्या अंगात बी-१२ कमी असेल तर ते दुधातूनही लेकीला कमीच जातं. रोज वाटीभर दही तुम्हाला स्वतःला हवं. पुढच्या वेळी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाल तेव्हा स्वतःचंही रक्त तपासून घ्या.

लेकीला मात्र त्याआधीच, याच आठवड्यात, एकदा डॉक्टरांना दाखवा. वजन न वाढण्यामागे कधी कधी नुसतं खाणं नसतं. जंत, लघवीचा संसर्ग, क्षय असंही असू शकतं, ते आधी तपासलेलं बरं. जंतनाशक आणि जीवनसत्त्व ‘अ’चा डोस बाकी असेल तर तोही होऊन जाईल.

मग दर महिन्याला अंगणवाडीत वजन करताना तुम्ही स्वतः आकडा बघा आणि कार्डावर लिहून घ्या. महिन्याला २०० ते २५० ग्रॅम वाढ दिसली तर गाडी रुळावर आहे, त्याहून जास्त दिसली तर उत्तमच. नीट भरवूनही महिनाभरात काटा हलला नाही, पट्टी ११.५ च्या खाली आली, पायांवर सूज दिसली, किंवा ताप-जुलाबात तिनं खाणं-पिणं सोडलं, तर अंगणवाडीताईंना किंवा आशाताईंना सांगून तिला पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करा. ऐन पेरणीचा दिवस असला तरी त्याच दिवशी.